दुर्बिणीतून किडनी काढायची ठरली, तर: पहिल्या स्कॅनपासून घरी परतेपर्यंत

किडनी काढावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात दोन प्रश्न लगेच निघतात. दुर्बिणीतून होईल का? आणि खर्च किती? दोन्ही रास्त आहेत, पण दोन्ही नंतरचे. पोटावर चार लहान छेद असोत की बरगडीखाली वीतभर चीर, आतलं काम तेच आहे. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा दोन किडन्यांकडे जातो, आणि त्यातल्या एकीच्या रक्तवाहिन्या कायमच्या बंद करायच्या असतात. दुर्बिणीमुळे जखम लहान होते, दुखणं कमी होतं, माणूस लवकर उठतो. ऑपरेशन मात्र छोटं होत नाही. म्हणून आधी दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी: ही किडनी खरोखर काढायलाच हवी का, आणि मागे राहणारी दुसरी कशी आहे.

काढायलाच हवी का?

आपल्याकडे किडनी काढण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे निकामी झालेली किडनी, आणि तिच्यामागे बऱ्याचदा दुर्लक्षित मुतखडा असतो. खडा मूत्रवाहिनीत अडकतो, आठवडाभर जीवघेणी कळ येते, मग कळ थांबते. खडा पडला असं समजून सगळे निर्धास्त होतात. तो तिथेच असतो, वरची लघवी तुंबत राहते, किडनी फुगत जाते आणि तिचा मांसल भाग पातळ होतो. काहींना जन्मतःच किडनी आणि मूत्रवाहिनीच्या सांध्याशी अडथळा असतो आणि तो चाळिशीत दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडतो.

फक्त सोनोग्राफीवरून किडनी निकामी ठरवता येत नाही. सोनोग्राफी आकार आणि सूज दाखवते. काम किती चालू आहे ते समजायला डीटीपीए किंवा ईसी स्कॅन लागतो. शिरेतून किरणोत्सर्गी औषधाचा अगदी थोडा डोस देतात आणि कोणती किडनी किती टक्के काम करते ते मोजतात. निरोगी माणसात वाटणी जवळपास निम्मी-निम्मी असते. एका बाजूचा वाटा १० ते १५ टक्क्यांच्या खाली गेला तर काढण्याचा विषय साधारणपणे निघतो. पण अडथळा तसाच असताना केलेला स्कॅन किडनीला तिच्या लायकीपेक्षा कमी गुण देऊ शकतो. आकडा सीमारेषेवर असेल तर पाठीतून किडनीत नळी घालून, किंवा मूत्रवाहिनीत आतून बारीक नळी (स्टेंट) टाकून, तुंबलेली लघवी चार-सहा आठवडे मोकळी करतात आणि स्कॅन पुन्हा करतात. काही किडन्या त्यात सावरतात. मुलांमध्ये तर हे पाहिल्याशिवाय निर्णय घेऊच नये.

किडनीत पू असेल, थंडीताप येत असेल, तर त्याच आठवड्यात ती काढण्याची घाई सहसा करत नाहीत. आधी नळीने पू बाहेर काढायचा, अँटिबायोटिक द्यायची, अंगातला संसर्ग उतरू द्यायचा, मग ऑपरेशन. किडनीच्या क्षयात टीबीची औषधं काही आठवडे आधी सुरू करतात आणि किडनी काढल्यावरही ती पूर्ण मुदतीची घ्यावी लागतात. रोगट भाग निघून गेला, आता गोळ्या कशाला, असं म्हणून कोर्स सोडणारे भेटतात. तसं करू नका.

उलट बाजूही आहे. आक्रसून सुपारीएवढी झालेली, न दुखणारी, जंतुसंसर्ग नसलेली, रक्तदाब न चढवणारी निकामी किडनी पोटात राहिली तरी बिघडत नाही. 'निकामी आहे म्हणून काढून टाका' एवढं कारण पुरेसं नाही. दुखणं, वारंवार ताप, पू, औषधांनी न आवरणारा रक्तदाब किंवा गाठ, यातलं काहीतरी हवं.

गाठीची गोष्ट वेगळी. औषध टोचून केलेल्या सीटी स्कॅनमध्ये किडनीच्या गाठीचा स्वभाव बऱ्यापैकी कळतो, त्यामुळे पुष्कळ वेळा सुईने तुकडा न काढताच ऑपरेशन ठरतं. नातेवाईकांना याचं नवल वाटतं, पण यात गैर काही नाही. एक प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे: गाठ किती सेंटीमीटरची आहे? ४ सेंटीमीटरपर्यंतच्या गाठीत, जागा सोयीची असेल तर, फक्त गाठ काढून उरलेली किडनी वाचवणं ही आज पहिली पसंती आहे. ७ सेंटीमीटरपर्यंतही ते अनेकदा जमतं. लहान गाठीसाठी अख्खी किडनी काढायला सांगितली असेल आणि कारण नीट समजलं नसेल, तर दुसऱ्या मूत्ररोगतज्ज्ञाचं मत घ्या. आठ-दहा दिवसांनी इथे सहसा काही बिघडत नाही. गाठ किडनीच्या आतल्या, लघवी गोळा होणाऱ्या पोकळीच्या अस्तरातून उगवलेली असेल तर मात्र किडनीसोबत पूर्ण मूत्रवाहिनी आणि ती जिथे मूत्राशयाला मिळते तो तुकडाही काढावा लागतो. ते ऑपरेशन मोठं आहे.

दुसऱ्या किडनीचा हिशेब याच वेळी करायचा. क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ), त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडन्या रक्त किती वेगाने गाळतात त्याचा अंदाज, लघवीतून जाणारी प्रथिनं, स्कॅनमधला तिचा वाटा. हे आकडे डळमळीत असतील, मधुमेह जुना असेल, तर ऑपरेशनच्या आधीच किडनीविकारतज्ज्ञाची गाठ घ्या. मूत्ररोगतज्ज्ञ ऑपरेशन करतात. किडनीविकारतज्ज्ञ उरलेल्या किडनीची औषधांनी काळजी घेतात. ही दोन माणसं वेगळी असतात हे अनेक घरांना डिस्चार्जनंतर कळतं.

कुठल्या दुर्बिणीबद्दल बोलतोय

मुतखड्यासाठी लघवीच्या वाटेने किंवा पाठीतून घालतात ती दुर्बीण वेगळी. शेजारचे काका दुसऱ्या दिवशी घरी आले होते, ही तुलना इथे चालत नाही. किडनी काढताना पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात, ५ ते १२ मिलिमीटरच्या तीन-चार नळ्या घालतात, एकीतून कॅमेरा आणि बाकीच्यांतून हत्यारं जातात.

ठरवून केलेलं किडनी काढण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन १८६९ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला गुस्टाव्ह सायमन यांनी केलं. दुर्बिणीतून किडनी निघायला पुढे एकशे वीस वर्षं लागली. जून १९९० मध्ये अमेरिकेत सेंट लुइस इथे राल्फ क्लेमन आणि सहकाऱ्यांनी ८५ वर्षांच्या एका बाईंची गाठ असलेली किडनी अशी काढली. जवळपास सात तास लागले आणि किडनी पिशवीत घालून, तिचे आतल्या आत तुकडे करून छोट्या छेदातून बाहेर घेतली.

यात मुंबईचंही नाव आहे. पोटाच्या पोकळीत न शिरता थेट पाठीकडून किडनीपर्यंत जायचं तर तिथे मोकळी जागाच नसते. बॉम्बे हॉस्पिटलचे डॉ. दुर्गा गौर यांनी १९९२ मध्ये त्यावर तोडगा प्रसिद्ध केला: रबरी नळीच्या टोकाला शस्त्रक्रियेच्या हातमोज्याचं बोट बांधायचं, ते आत सरकवायचं आणि रक्तदाब मोजायच्या यंत्राच्या पंपाने फुगवायचं. फुगा चरबी बाजूला सारतो आणि काम करायला जागा तयार होते. जगभर पाठीमागून केल्या जाणाऱ्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांना या हातमोज्याच्या बोटाने वाट करून दिली.

आज दोन्ही वाटा वापरात आहेत. पोटातून गेलं तर जागा ऐसपैस मिळते; पाठीकडून गेलं तर आतड्यांना हात लागत नाही, आणि आधी पोटाची ऑपरेशनं झालेल्यांना ते सोयीचं पडतं. कोणती वाट बरी, तर सर्जनच्या हाताला सवयीची असलेली. एक हात आत घालून करायची पद्धत आहे, बेंबीतल्या एकाच छेदातून करायची आहे, आणि रोबोट आहे. रोबोटबद्दल माझं मत सांगतो: गाठ काढून किडनी शिवायची असेल तर रोबोटच्या वळणाऱ्या मनगटांचा खरा उपयोग होतो. अख्खी किडनी काढायला सवयीच्या हातात साधी दुर्बीण तेवढीच चांगली, आणि दोन्हींच्या बिलातला फरक लाखाच्या घरात जाऊ शकतो. कर्ज काढून रोबोट घ्यावा असं हे काम नाही.

दुर्बीण सगळ्यांनाच लागू पडत नाही. गाठ मुख्य महाशिरेत वरपर्यंत शिरली असेल, फार मोठी असेल आणि शेजारच्या अवयवांना धरून असेल, हृदय किंवा फुप्फुसाला पोटातल्या वायूचा दाब झेपणार नसेल, तर उघडं ऑपरेशनच योग्य. वर्षानुवर्षं पू आणि खडे साठलेली किंवा क्षयाने चिकटलेली किडनी काढणं तर कित्येकदा कॅन्सरच्या किडनीपेक्षा अवघड जातं, कारण आतडं, यकृत, मोठ्या शिरा, सगळं एकमेकांना डिंकाने चिकटवल्यासारखं झालेलं असतं. अशा रुग्णाला 'बघू, दुर्बिणीने सुरू करू, नाही जमलं तर उघडू' असं सांगणारा सर्जन प्रामाणिक समजावा.

संमतीपत्रावर सही करण्याआधी एवढं विचारा: अशी ऑपरेशनं तुम्ही नियमित करता का? उघडावं लागलं तर ते तुम्हीच कराल ना? रक्ताची सोय इथे आहे की बाहेरून आणावं लागेल? रात्री आयसीयूत कोण असतं? उत्तरं टाळली गेली तर तेही उत्तरच आहे.

आधीचे पंधरा दिवस

रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या, ईसीजी, छातीचा एक्स-रे, वय किंवा हृदयाचा त्रास असेल तर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), आणि लघवीचं कल्चर. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून ते ऐनवेळी देऊ नका. जंतू निघाले तर आधी त्यांचा बंदोबस्त करावा लागतो. भूलतज्ज्ञांची तपासणी ही औपचारिकता समजू नका. दम लागतो का, जिना चढता का, आधी भूल दिली तेव्हा काही त्रास झाला होता का, घरात कुणाला झाला होता का, हलणारे दात, कवळी, सगळं सांगा.

औषधांची यादी तोंडी सांगू नका, पाकिटं घेऊन जा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, पण कोणती, किती दिवस, आणि थांबवायचीच का, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन मिळून ठरवतात. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेल्या माणसाने स्वतःच्या मनाने गोळी बंद करणं जिवावर बेतू शकतं. मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या तीन-चार दिवस आधी बंद करतात. त्या चालू राहिल्या तर उपाशीपोटी रक्तात आम्ल वाढू शकतं, आणि गंमत म्हणजे तेव्हा साखर फारशी वाढलेली दिसतच नाही. ही औषधं आता हृदयासाठी आणि किडनीसाठीही देतात, त्यामुळे 'मला शुगर नाही' म्हणणाऱ्यानेही पाकीट तपासावं. काढे, भस्मं, गावच्या वैदूची पुडी चालू असेल तर तीही सांगा. कुणी रागावलं तर रागावू दे.

विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री, सगळं बंद. फुप्फुसांना सुधारायला चार आठवडे मिळाले तर उत्तम, पण आठवड्याचाही फायदा होतो. तीन रंगीत गोळ्यांचं ते श्वासाचं प्लास्टिकचं यंत्र आधीच विकत घेऊन रोज चार-पाच वेळा सराव करा. त्यात फुंकायचं नसतं, नळीतून श्वास आत ओढून गोळ्या वर धरायच्या असतात. ऑपरेशननंतर शिकायला गेलं तर दुखण्यामुळे जमत नाही.

पैशांचं. विमा असेल तर कॅशलेसची पूर्वपरवानगी आधीच घ्या आणि खोलीभाड्याची मर्यादा बघा. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की अनेक पॉलिसींत डॉक्टरांच्या फीसारखे इतर खर्चही त्या प्रमाणात कापले जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयात दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं, दाखल होण्याआधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथे जा. दाखल झाल्यावर गेलं की कागद अडकतात. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवा विभागात तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो काढायला लागणारे दिवस धरून चाला. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे.

आदल्या दिवशी दाखल झाल्यावर सर्जन मार्करने कुशीवर खूण करतात. डावी की उजवी हे रुग्णाने स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि रिपोर्टशी ताडून पाहायचं. चुकीच्या बाजूच्या शस्त्रक्रिया जगात घडलेल्या आहेत, म्हणूनच ही पद्धत आली. दिवसभरात चार माणसं तोच प्रश्न विचारतील, वैतागू नका. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळ पाळा.

दाराच्या आत

बाहेर बसलेल्यांना तीन-चार तासांत काहीच कळत नाही, म्हणून आतला क्रम थोडा सविस्तर.

पूर्ण भूल दिली जाते, श्वासनलिकेत नळी, लघवीला कॅथेटर. मग रुग्णाला कुशीवर वळवतात, काढायची बाजू वर. हातापायांखाली उशा, पट्ट्यांनी बांधणं, कुठलीही नस दाबली जात नाही ना ते पाहणं, यात अर्धा तास सहज जातो. 'आत नेऊन तास झाला, सुरू झालं का?' याचं उत्तर त्यामुळे बऱ्याचदा 'आत्ताच' असं असतं.

पोट साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने फुगवतात, कॅमेरा आत जातो आणि आधी सगळं पोट पाहून घेतात. किडनी पोटाच्या अगदी मागच्या भिंतीशी, चरबीत गुंडाळलेली असते, म्हणून तिच्यावरून मोठं आतडं अलगद सोडवून मधल्या बाजूला सारावं लागतं. डावीकडे प्लीहा आणि स्वादुपिंडाचं शेपूट जपायचं. उजवीकडे यकृत वर उचलून धरायला एखादी जास्तीची नळी लागते आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग किडनीवरच पसरलेला असतो.

पुढची खूण मूत्रवाहिनी. ती सापडली की तिच्या बाजूने वर चढत जायचं, ती थेट किडनीच्या देठापाशी नेते. इथे धमनी आणि शीर असतात आणि इथेच सर्जन बोलायचा थांबतो. धमनी एक असेल असं गृहीत धरत नाहीत. दोन-तीन असणारी माणसं पुष्कळ आहेत, म्हणून सीटी आधीच बारकाईने पाहिलेला असतो. आधी धमनी बंद करतात, मग शीर. उलट केलं तर रक्त आत येत राहतं, बाहेर पडायला वाट नसते आणि किडनी फुगून रक्तस्राव वाढतो. रक्तवाहिन्या कुलूपबंद क्लिपांनी किंवा स्टेपलरने बंद करून मध्ये कापतात. या क्लिपा आयुष्यभर आत राहतात, त्यांचा त्रास होत नाही.

कॅन्सरसाठी काढताना भोवतीची चरबी आणि आवरण तसंच ठेवून सगळा गोळा एकत्र सोडवतात. माथ्यावरची अधिवृक्क ग्रंथी गाठीच्या तावडीत नसेल तर वाचवतात. मग मूत्रवाहिनी कापून किडनी मजबूत प्लास्टिकच्या पिशवीत घालतात. गाठ असेल तर ती अखंड बाहेर काढणं चांगलं, म्हणजे पॅथॉलॉजिस्टला तिची नीट मोजणी करता येते. त्यासाठी एक छेद पाच ते आठ सेंटीमीटरपर्यंत वाढवावा लागतो, बहुतेकदा ओटीपोटावर आडवा, सिझरचे टाके असतात त्या जागी. तेव्हा 'चार भोकं सांगितली होती, हा टाका कुठून आला?' असं विचारू नका. मुठीएवढा अवयव कुठून तरी बाहेर यायला हवाच. शेवटी पोटातला दाब कमी करून पुन्हा पाहतात, कारण वायूच्या दाबाखाली लपलेला शिरेचा स्राव तेव्हा दिसतो. गरज वाटली तर आत साचणारं रक्त-पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी ठेवतात.

अर्ध्यातून पोट उघडावं लागलं, असा निरोप बाहेर आला तर घाबरू नका आणि ते अपयश समजू नका. रक्त थांबत नाहीये किंवा सगळं चिकटलेलं आहे हे ओळखून वेळेवर उघडणाऱ्यानेच रुग्ण वाचवलेला असतो.

दान करणाऱ्याची किडनी

जिवंत दात्याची किडनी दुर्बिणीतून काढायला १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरला सुरुवात झाली. आज आपल्याकडेही प्रत्यारोपणाच्या मोठ्या केंद्रांत ती नेहमीची पद्धत आहे. इथे रुग्ण आजारी नसतो, म्हणून नियम कडक. दोन किडन्यांत थोडाही फरक असेल तर चांगली दात्याकडे ठेवायची. दोन्ही सारख्या असतील तर सहसा डावी घेतात, कारण तिची शीर लांब असते आणि जोडायला सोपी जाते. रक्तवाहिन्या शेवटच्या क्षणी कापून किडनी काही मिनिटांत बाहेर घेतात आणि बर्फासारख्या थंड द्रावाने धुतात. दात्याची धमनी प्लास्टिकच्या कुलूपबंद क्लिपांनी बंद करू नये, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिलेला आहे, कारण क्लिप निसटून दाते दगावले आहेत. स्टेपलर किंवा शिवण वापरणार ना, हा प्रश्न विचारायचा दात्याला पूर्ण हक्क आहे.

अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींत किडनीदानानंतर तीन महिन्यांत मृत्यू पावलेल्यांचं प्रमाण आधीच्या दशकांत दर १०,००० दात्यांमागे साधारण ३ होतं, २०१३ नंतर ते १ च्या आसपास आलं आहे. कमी आहे, शून्य नाही. दात्याला हा आकडा एकांतात सांगितला गेला पाहिजे, सासूबाई शेजारी बसलेल्या असताना नव्हे. आई, बायको, बहीण पुढे होतात तेव्हा ते खरंच त्यांच्या मनाने आहे का, हे विचारणं समुपदेशकाचं काम आहे, आणि कुणाला मागे हटायचं असेल तर 'वैद्यकीयदृष्ट्या जुळत नाही' एवढंच घरी सांगणारं केंद्र चांगलं.

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार पती-पत्नी, आईवडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा आणि नातवंडं हे जवळचे नातेवाईक. त्यापलीकडचा दाता असेल तर प्राधिकार समितीची मंजुरी लागते. पैशांचा व्यवहार हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही.

पहिली रात्र आणि पुढचे दोन-तीन दिवस

जागं झाल्यावर पोटापेक्षा खांदा जास्त दुखतो, असं अनेकजण सांगतात आणि नातेवाईक हृदयविकाराच्या भीतीने धावपळ करतात. पोटात उरलेला वायू श्वासपटलाला डिवचतो आणि त्या नसेची कळ खांद्यात जाणवते. एक-दोन दिवसांत जाते. छातीत दडपण, घाम, दम असं काही सोबत असेल तर मात्र लगेच सांगायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठवून खुर्चीत बसवतात, दुपारपर्यंत चार पावलं चालवतात. हे निर्दयपणाचं नाही. पडून राहिल्याने पायांच्या शिरांत गुठळी होऊ शकते आणि फुप्फुसांच्या तळाशी कफ साठतो. खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरा. कॅथेटर बहुतेकांचं दुसऱ्या दिवशी निघतं. सुरुवातीला पाणी, नारळपाणी, मग पेज, मऊ भात. गॅस सुटला की नेहमीचं जेवण. ताकद यावी म्हणून पहिल्याच दिवशी मटणाचा रस्सा आणणाऱ्या मामांना दाराबाहेरच थांबवा.

तक्त्यातल्या तीन गोष्टींवर घरच्यांनीही लक्ष ठेवावं: लघवी किती झाली, नाडी किती आहे, पोट फुगतंय का. नाडी वाढत जाणं, रुग्ण पांढरा पडणं आणि पोट ताठ होणं म्हणजे आत रक्तस्राव असू शकतो. पोटदुखी दिवसागणिक कमी व्हायला हवी. तिसऱ्या दिवशी ती वाढली, ताप आला, उलट्या होऊ लागल्या, तर आतड्याला इजा झाली नाही ना हे पाहावं लागतं. दुर्मीळ आहे, पण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ती लगेच दिसत नाही आणि उशीर महागात पडतो. सगळं सुरळीत असेल तर तीन-चार दिवसांत घर.

घरी

जखमा वरून आठ-दहा दिवसांत भरलेल्या दिसतात, आतला पोटाचा पडदा भरायला सहा आठवडे लागतात. तोवर पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नका. पाण्याची कळशी, गॅस सिलिंडर, नातवंड, खताची गोणी, सगळं यात आलं. चालणं पहिल्या दिवसापासून, जिना हळूहळू, कार दोन-तीन आठवड्यांनी, दुचाकी त्याहून उशिरा. बैठं काम करणारा दोन-तीन आठवड्यांत कामावर जातो. शेतात राबणाऱ्याने आणि हमालाने दोन महिने धरून चालावं, आणि घरकामाला सुट्टी नसलेल्या बायकांनाही हाच नियम लागू आहे. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथल्याने टाक्यांवर ताण येतो. टाक्यांवर हळद, तेल, राख काही लावू नका.

डाव्या बाजूची किडनी दान केलेल्या काही पुरुषांना त्या बाजूचा वृषण काही दिवस दुखतो किंवा सुजतो, कारण तिथली शीर किडनीच्या शिरेला मिळते आणि ती कापलेली असते. लाजून गप्प बसू नका, विचारा. मांडीच्या किंवा कुशीच्या कातडीला बधिरपणा येऊ शकतो, तो बहुधा ओसरतो.

१०० फॅरनहाइटच्या वर ताप, टाक्यांतून पू, पोटरीत एकाच बाजूला सूज आणि दुखणं, अचानक दम, लघवी कमी होणं, उलट्या न थांबणं: यातलं काहीही झालं तर फॅमिली डॉक्टरकडे चक्कर मारण्यात वेळ न घालवता थेट ऑपरेशन झालं तिथे जा.

एका किडनीवर

उरलेली किडनी काही आठवड्यांत जास्तीचं काम अंगावर घेते आणि थोडी मोठी होते. दोन निरोगी किडन्यांपैकी एक दान केली तर एकूण क्षमता निम्मी न राहता साधारण ७० टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. क्रिएटिनिन आधीपेक्षा थोडं वर दिसेल. १.३ आलं म्हणून दर आठवड्याला लॅब बदलू नका. तो आकडा तिथेच टिकतोय का, हे पाहायचं.

सगळ्यात मोठा शत्रू मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक असलेल्या अंगदुखीच्या गोळ्या शक्यतो नकोतच, पॅरासिटामॉल चालतं. गुडघेदुखीवर डॉक्टर दुसरा असेल तर त्याला 'मला एकच किडनी आहे' हे तुम्हालाच सांगावं लागेल. औषध टोचून सीटी करण्याआधीही. जुलाब-उलट्या झाल्या तर पाणी कमी पडू देऊ नका.

पाण्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. रोज पाच-सहा लिटर पाणी ढोसल्याने किडनी धुतली जात नाही. तहान भागेल आणि लघवी फिकट राहील इतकं पुरे, खडे होणाऱ्यांना थोडं जास्त. डाळ, अंडी, दूध बंद करायची गरज नाही. प्रथिनांच्या पावडरी मात्र नकोत. मीठ कमी. लोणचं-पापड रोजचं न ठेवता सणाचं ठेवा. रक्तदाब घरी मोजायचं यंत्र घ्या, ते तपासणीच्या फेऱ्यांपेक्षा स्वस्त पडतं. सहा महिन्यांनी, मग दरवर्षी, क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं आणि रक्तदाब. किडनी दिलेल्या स्त्रियांना गरोदरपणात रक्तदाब वाढण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. मूल होऊ शकतं, पण प्रसूतितज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

कॅन्सरसाठी किडनी काढली असेल तर तुकड्याच्या तपासणीचा रिपोर्ट साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी येतो, म्हणजे तुम्ही घरी गेल्यावर. तो आणायला जाणं हे घरातल्या एका माणसाच्या नावावर टाका. गाठीचा प्रकार, श्रेणी आणि टप्पा त्यात असतो, आणि पुढे सीटी दर किती महिन्यांनी, औषध लागेल का, ते त्यावरच ठरतं. निकामी म्हणून काढलेल्या किडनीचाही रिपोर्ट वाचून घ्या. क्षय किंवा न दिसलेली गाठ कधीकधी तिथेच सापडते. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि हा रिपोर्ट यांच्या फोटोकॉपी एका फायलीत आणि फोटो मोबाइलमध्ये ठेवा, बाजू ठळक लिहून. पुढे कधीही सोनोग्राफीला गेलात की टेबलावर झोपण्याआधीच सांगा: डावी काढलेली आहे.